खांदा चार इंच खाली

इंदिरानगर, ८ सप्टेंबर २०२५

ती. रघुकाकांना नमस्कार,

हे पत्र कापडाच्या गठ्ठ्यात ठेवून रिक्षावाल्या शिवाप्पाबरोबर पाठवते आहे. एकाच गावात राहून पत्रं कसली लिहिता, असं सत्यवतीकाकू म्हणतील. पण गेल्या आठवड्यात फोनवर काय झालं ते तुम्हाला आठवत असेलच. माझा आवाज चढला, मशिनच्या घरघरीत तुम्हाला अर्धंच ऐकू आलं आणि शेवटी काकूंच्या हातात फोन देऊन तुम्ही चहा प्यायला गेलात. कागदाशी तसं वागता येणार नाही म्हणून कागद.

काम पुन्हा एकदा सांगते. प्रणीत आणि मी मिळून दोन वर्षांपूर्वी 'स्वल्प' नावाचं आमचं लेबल काढलं हे तुम्हाला माहीत आहे. पंधरा नोव्हेंबरला महादेवपुऱ्यात अभिजीतचा मोठा कार्यक्रम आहे. हा मुलगा चिकोडीचा. दिवसा आयटी पार्कमध्ये नोकरी करतो आणि शनिवारी-रविवारी अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं रॅप करतो. त्याला आता हजारो मुलं ऐकतात. स्टेजवर तो आणि त्याची माणसं आमची जॅकेटं घालणार, बाकीची तिथेच विकायची. एकशे चाळीस नग.

प्रणीतला हे सगळं आनेकलच्या एका कारखान्यात द्यायचं होतं. मी त्याच्याशी भांडून तुमच्याकडे आणलंय. म्हटलं, माझे काका एक्केचाळीस वर्षं येलहंक्यात एअर फोर्सवाल्यांचे युनिफॉर्म शिवतायत, त्यांच्यासारखं कटिंग अख्ख्या बेंगळुरात नाही. नमुना पसंत पडला की काम तुमचं. नाही पडला तर आनेकल, आणि मग 'स्वल्प'चं कुठलंच काम मला येलहंक्याला आणता येणार नाही.

तेव्हा कृपा करून ड्रॉइंगप्रमाणे करा. खांद्याची शिलाई हाडावर नको, हाडाच्या चार इंच खाली हवी. बाही बोटांच्या पेरांपर्यंत. खालची किनार दुमडायची नाही, कच्चीच सोडायची. हे सगळं मुद्दाम आहे, चुकून नाही. काही म्हणजे काही सुधारू नका.

तुमची,
मनस्विनी

---

येलहंका, १२ सप्टेंबर

चि. मनस्विनीस अनेक आशीर्वाद.

नमुना पाठवला आहे. तुझ्या ड्रॉइंगमध्ये खांदा कोपराकडे निघाला होता, तो जागेवर आणून बसवला. बाही मनगटावर थांबवली, कारण माणसाला हात धुवायचे असतात, जेवायचं असतं. किनार दुमडून वर दुहेरी टीप मारली आहे. आभार मानायची गरज नाही.

एक विचारतो. लेबलाचं नाव 'स्वल्प' आणि जॅकेटात माणसं तीन मावतील, हा काय प्रकार? आपल्या दुकानात वॉरंट ऑफिसर लोक येतात. खांद्यावरची शिलाई सुपारीएवढी जरी सरकली तरी परेडला त्यांना बोलणी बसतात. तू लहानपणी माझ्या कटिंगच्या टेबलाखाली चिंध्या गोळा करत हे सगळं पाहिलं आहेस. कॉलेजात चार वर्षं घालवून तू नेमकं हेच विसरलीस याचं नवल वाटतं.

कापड मात्र छान आहे. कुठून आणलंस?

काकूने चटणीपुडी दिली आहे, गठ्ठ्यात तळाशी आहे, सांभाळून काढ.

रघुनंदन

---

इंदिरानगर, १४ सप्टेंबर

काका,

नमस्कार राहू दे. अभिजीतने जॅकेट घातलं, आरशात पाहिलं आणि म्हणाला, "काय ओ मॅडम, हे घालून मी बँकेत लोन पास करायला जाऊ काय?" प्रणीत हसून हसून खुर्चीवरून पडला. मला हसू आलं नाही. वर चटणीपुडीची पिशवी फुटून आतल्या अस्तराला लसणाचा वास लागलाय तो वेगळाच.

जॅकेट उत्तम शिवलंय हो! टीप एका रेषेत आहे, कॉलर अशी बसली आहे की बघत राहावं. पण मी मागितलेलं जॅकेट ते नव्हे. तुम्हाला वाटतं आम्हाला खांदा कुठे असतो ते माहीत नाही. माहीत आहे म्हणूनच तर तो खाली नेलाय. हा अभिजीत पाच दिवस गळ्यात ओळखपत्र अडकवून, शर्ट खोचून, गेटवर बॅग तपासून घेत आत जातो. पाच दिवस कुणीतरी त्याला मापात बसवत असतं. त्याच्यासमोर नाचायला येणारी मुलंमुलीही तशीच. शनिवारी त्यांना असं काहीतरी अंगावर हवं असतं जे त्यांना धरून ठेवणार नाही. हात लांब फेकता आला पाहिजे, बसकण मारता आली पाहिजे, उकडलं तर कमरेला गुंडाळता आलं पाहिजे. त्यांना मजा म्हणून बावळट दिसायचं नाहीये. त्यांचं गाणं असं आहे, त्या गाण्याला असेच कपडे लागतात. तुम्ही एकदा ऐकून तर बघा. काकूंच्या फोनवर लिंक पाठवली आहे.

दुसऱ्या नमुन्याचं कापड सोबत आहे. चार इंच, काका. टेप तुमच्याच गळ्यात असते.

मनस्विनी

---

येलहंका, २० सप्टेंबर

चि. मनस्विनी,

राग असला तरी पत्र आशीर्वादानेच सुरू करावं असं आम्हाला शिकवलं आहे. तर आशीर्वाद.

गाणं ऐकलं. काकूने फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवून लावलं. पहिलं मिनिटभर ती म्हणत होती, "अय्यो, हा म्हणतोय की भांडतोय?" मग मुलाने चिकोडीच्या बसस्टँडचं काहीतरी म्हटलं तेव्हा हसली. पुन्हा लाव म्हणाली. मला विशेष काही कळलं नाही, पण मुलगा शब्द खात नाही, हे चांगलं आहे.

नमुना सोबत आहे. खांदा दोन इंच खाली नेला आहे. यापुढे जाणार नाही. कच्च्या किनारीचे धागे लोंबतात, ते बकरीने खाल्ल्यासारखे दिसतात, म्हणून आतून पट्टी लावली आहे. तू म्हणशील काका हट्टी आहे. म्हण. माझ्या दुकानाच्या पाटीवर माझ्या वडिलांचं नाव आहे आणि त्या पाटीखालून वाकडा खांदा बाहेर जाणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

शिवाप्पाला सांग, दर वेळी दुकानासमोर हॉर्न वाजवत जाऊ नकोस. चंपा दचकते आणि काज चुकतं.

रघुनंदन

---

इंदिरानगर, २७ सप्टेंबर

काका,

तुमचा दुसरा नमुना खांद्यापाशी फुग्यासारखा फुगतो. तो ना तुमच्यासारखा झालाय ना माझ्यासारखा. असं काम तुमच्या हातून गेलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. मुद्दाम वाईट केलंत का? म्हणजे मी थकून नाद सोडावा?

प्रणीतने मला न विचारता आनेकलला ड्रॉइंग पाठवलं होतं. तीन दिवसांत नमुना आला. चार इंच म्हणजे चार इंच, पेरांपर्यंत म्हणजे पेरांपर्यंत. शिलाईला तुमच्या नखाची सर नाही, पण मागितलं ते दिलं. त्यांनी मला तत्त्वं सांगितली नाहीत. मी प्रणीतसमोर काय तोंडाने बोलू?

तुमच्या दुकानात हल्ली काम किती आहे ते मला ठाऊक आहे. काकू बोलल्या नाहीत, पण मागच्या वेळी आले तेव्हा तीन मशिनांवर कव्हरं चढलेली होती. एअर फोर्सची नवी मुलं ऑनलाइन मागवतात. तरीही माझं ड्रॉइंग शिवण्यापेक्षा तुम्हाला शटर खाली ओढणं बरं वाटतं, असंच ना? परक्या माणसाने हेच ड्रॉइंग आणलं असतं तर तुम्ही 'सरी, बरं' म्हणून शिवून दिलं असतं. मी आणलं म्हणून वाकडं.

सहा ऑक्टोबरला आनेकलला हो किंवा नाही सांगायचं आहे. त्याआधी ड्रॉइंगप्रमाणे एक, फक्त एक जॅकेट करून पाठवा. नाहीतर पाठवू नका. मी समजून घेईन, आणि पुन्हा या विषयावर बोलणार नाही.

मनस्विनी

---

येलहंका, ४ ऑक्टोबर

चि. मनस्विनी हिला आशीर्वाद.

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं नाही. स्वतः चार वेळा वाचलं. आता मी लिहितो ते तूही कुणाला वाचून दाखवू नकोस, त्या प्रणीतला तर नकोच.

पहिला नमुना मी मुद्दाम सुधारला, ते खरं. दुसऱ्याच्या बाबतीत मी खोटं लिहिलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं. मला ते कापता आलं नाही.

चार इंच खाली खडूची रेघ मारली. कात्री लावली. पण माझी कात्री खडूवरून चालत नाही गं, ती तिच्या ओळखीच्या वाटेने जाते. कापून उचललं तर खांदा हाडावर. पुन्हा घेतलं. खांदा खाली आणला की बाही बसते तो मुंढा सपाट करावा लागतो, बाहीची गोलाई उतरवावी लागते. हे मला कळतं, शाळेतल्या पोराला शिकवू शकेन एवढं कळतं. पण हात ऐकत नाही. एक्केचाळीस वर्षं त्याने एकच मुंढा कापला आहे. तुझ्या कापडाला धक्का नको म्हणून चिकपेटेच्या बाजारातून सुती कापड आणलं, त्यावर सात वेळा कापलं. सातही वेळा युनिफॉर्मच झाला. तुला पाठवलेला फुगलेला नमुना आठव्या वेळचा. त्याच्याइतकं वाईट काम मी शिकाऊ असतानाही केलेलं नाही. ते पाठवताना मी शिवाप्पाकडे बघितलंसुद्धा नाही.

हट्टी म्हणवून घेणं सोपं वाटलं. येत नाही म्हणायला जीभ वळेना, तीही तुझ्यापुढे.

बुधवारी आयुधपूजा झाली. मशिनं पुसली, कात्रीला कुंकू लावलं, चंपाने सगळ्यांना चुरमुरे वाटले. आपल्याकडे माझ्या आजोबांपासूनची रीत तुला माहीत आहे. शिवायला कुणीही बसो, कटिंग घरच्याच माणसाने करायचं. मोठ्या कात्रीला बाहेरचा हात लागत नाही. चंपा आपल्याकडे अकरा वर्षं आहे, काजं-बटणं, हातशिलाई सगळं बघते, पण कात्री मी तिला कधी दिली नाही आणि तिने मागितली नाही. दसऱ्याच्या सकाळी मी तिला तुझं ड्रॉइंग दिलं, कापड दिलं, कात्री दिली. मुलगा म्हणावा तर मकरंदला व्हाइटफील्डची कॉम्प्युटरची नोकरी सोडून यात रस नाही. घरात कापणारं दुसरं कुणी नाही, मग रीत किती दिवस सांभाळायची? देऊन मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तिथे उभं राहवत नव्हतं, पण आत बघवत नव्हतं.

अर्ध्या तासाने तिने हाक मारली. एकदाच कापलं होतं. तुझ्या रेघेवरून कात्री जराही हलली नव्हती. मी म्हटलं, "कुठे शिकलीस गं?" तर म्हणते, "अण्णा, अकरा वर्षं समोर बसून काय करत होते मग?"

जॅकेट सोबत आहे. किनार कच्ची आहे. मी हात लावलेला नाही, इस्त्रीसुद्धा तिनेच केली. वाईट असेल तर माझं समज, चांगलं असेल तर तिचं.

रघुनंदन

---

इंदिरानगर, ६ ऑक्टोबर

काका,

बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. अभिजीतने घातलं ते काढेना, तसाच चहा प्यायला खाली गेला. आनेकलला नाही म्हटलं. प्रणीत दोन तास माझ्याशी भांडला, आता याच जॅकेटाचे फोटो काढत बसलाय.

एकशे चाळीसचं कापड शिवाप्पाच्या दोन खेपांत येईल. कटिंग सगळं चंपाक्का करतील. तुम्ही शिलाई सांभाळा, कव्हरं काढून तीनही मशिनं चालवा, कॉलर तुम्हीच बसवा, ती दुसऱ्या कुणाला जमणार नाही. शेवटची खेप नऊ नोव्हेंबरपर्यंत मला हवी.

तुमच्या पत्रातल्या इतर गोष्टींबद्दल आत्ता लिहीत नाही. वेळ नाही, आणि आत्ता लिहिलं तर वेडंवाकडं लिहिलं जाईल.

मनस्विनी

---

येलहंका, ९ नोव्हेंबर

चि. मनस्विनी, आशीर्वाद.

शेवटचे बावीस नग पाठवले. एकशे चाळीस पूर्ण. आता मला आठ दिवस कुणी जॅकेट हा शब्द ऐकवू नये.

तुझ्या चंपाक्काने माझा जीव खाल्ला. परवा मला म्हणते, "अण्णा, बाही ओढून लावू नका, स्वल्प सैल राहू द्या." मला! मी तिला सुईत दोरा ओवायला शिकवलं. वर तिचं बरोबर होतं, हे अधिक वाईट. तुझ्या त्या कच्च्या किनारीचे धागे तोडू नका म्हणून तिने माझ्या टेबलावर कागद चिकटवला आहे. एअर फोर्सचे एक जुने विंग कमांडर शर्ट टाकायला आले होते. त्यांनी ढिगातलं एक उचलून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "पिसे मास्तर, तब्येत बरी आहे ना?" काय सांगणार? म्हटलं, पुतणीची कंपनी आहे.

कार्यक्रमाला मी येणार नाही. इतका आवाज मला सोसत नाही. काकू येते म्हणते, चंपा तिच्या मुलीला घेऊन येणार आहे. त्यांना पुढे बसव.

तू सहा ऑक्टोबरला लिहिलं होतंस की आत्ता लिहीत नाही. महिना झाला. काकू विचारते, मनू रागावली आहे का? मी म्हटलं, काम नीट झालं आहे, आता कशाला रागवेल?

रघुनंदन

---

इंदिरानगर, १७ नोव्हेंबर

ती. काका,

कार्यक्रम झाला. शंभरावर मुलं आमची जॅकेटं घालून उभी होती. अभिजीतने हात वर केला की सगळ्यांचे हात वर. बाह्या घसरून कोपरांवर आल्या, कुणाला कुठे काचलं नाही. स्टेजवरून दिव्यांत बघताना सगळे खांदे एकाच जागी उतरलेले दिसत होते. मी रडले, हे प्रणीत तुम्हाला सांगेलच. काकू पहिल्या रांगेत बसून बसस्टँडची ओळ म्हणत होत्या. मुली येऊन विचारत होत्या हे कुणी कापलंय, मी चंपाक्कांकडे बोट दाखवलं. त्यांनी ओढणीने तोंड झाकून घेतलं, पण त्यांची लेक प्रत्येकीला सांगत होती, "नम्म अम्म! आमची आई!"

घरी आले आणि दोन दिवस हे पत्र लिहून लिहून फाडलं. काकूंना खोटं सांगू नका. होय, मी रागावले आहे. तुम्हाला कारण कळलेलं नाही याचा तर जास्तच राग आलाय.

मी बारा वर्षांची होते. उन्हाळ्याची सुट्टी होती. तुम्ही कुणाचं तरी सफारीचं कापड पसरलं होतं. मी टेबलाखालून बाहेर आले आणि म्हटलं, काका, एकदा मोठी कात्री द्या ना, मी चिंधीवरच कापेन. तुम्ही रागावला नाहीत, चांगले हसून म्हणालात, "कात्री घराबाहेर जात नाही मनू, आणि मुली घराबाहेरच जातात." मकरंद तिथेच स्टुलावर बसून चित्रांचं पुस्तक वाचत होता. त्याला तुम्ही त्या वर्षी तीन वेळा बोलावून कात्री हातात दिलीत आणि तिन्ही वेळा तो पळाला. मी मोजत होते.

तुम्ही मला शिकवलं नाहीत म्हणून मी कॉलेजात जाऊन शिकले. तिथे सगळं कागदावर कापायला शिकवतात. आजही कापडावर कात्री टाकताना माझा हात थांबतो, म्हणून तर मी ड्रॉइंग काढून दुसऱ्यांच्या दारात उभी राहते. प्रणीतशी भांडून हे काम मी तुमच्याकडे आणलं ते दुकान चालावं म्हणून, हे खरं. पण निम्मंच खरं. तुम्ही मला बोलवाल, असं मला वाटत होतं. चार इंच जमत नाहीयेत, ये आणि दाखव, असं म्हणाल. सात वेळा तुमचं कापड फुकट गेलं, काका. इंदिरानगरहून यायला मला तास लागतो.

चंपाक्कांना कात्री मिळाली याचा मला आनंद आहे, आणि ती अकरा वर्षं उशिराच मिळाली. पण त्या पत्रात तुम्ही लिहिलंत, घरात कापणारं दुसरं कुणी नाही. ते वाक्य मी महिनाभर गिळायचा प्रयत्न केला. जात नाही घशाखाली. मी होते ना. घरातच होते, टेबलाखाली होते, तुम्ही वाकून पाहिलं असतंत तर दिसले असते.

मला माफी नकोय. माफीचं पत्र लिहिलंत तर शिवाप्पाबरोबर परत पाठवीन. येत्या रविवारी मी सकाळी येते. चांगलं कापड घेऊन येईन, चिंधी नाही. कागद न ठेवता सरळ मोठ्या कात्रीने कापणार आहे. बहुतेक पहिलं बिघडेल. चंपाक्कांच्या वेळी गेलात तसे बाहेर जाऊन उभे राहू नका. आत बसा आणि बघा.

मनस्विनी